दोनदा मारलेला रंग

ब्रेकमास्तर गाडीतून उतरला तेव्हाच मावशीनं ओळखलं की आज हा हसायला आलेला नाही. एरवी दार उघडायच्या आधीच खिडकीतून ओरडायचा, "मावशी, आमच्या पोरांनी खांबाला मिठी मारली बघा." आज मुकाट्यानं उतरला, दार हळू लावलं आणि उगाचच मागच्या चाकाकडे बघत उभा राहिला.

त्याची गाडी शिकवायची शाळा होती. शेजारच्या सीटवर बसून पायाखालच्या जादा ब्रेकवर दाब देण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं, म्हणून सगळे त्याला ब्रेकमास्तर म्हणत. त्याच्या सगळ्या गाड्या एकाच पांढऱ्या रंगाच्या, आणि त्यात शिकणारी माणसं दिलदार. कुणी फाटकाला बंपर देऊन यायचं, कुणी भिंतीला दार. लोकांची गॅरेजं गाड्या जुन्या होतात म्हणून चालतात; मावशीचं गॅरेज लोकांना गाडी येत नव्हती म्हणून चालत होतं. ब्रेकमास्तर सोडला तर बाकीची गिऱ्हाइकं नुसती तोंडी लावायला.

"मावशी, दाराचा दर काय लावलाय तुमच्या लेकानं?"

"जो आहे तो लावलाय."

"पलीकडचं काचेच्या भिंतीचं वर्कशॉप एवढ्यात दार आणि बंपर दोन्ही करून देतं. वर गाडी धुऊनसुद्धा."

"धुऊन देतात, कारण तेवढंच येतं त्यांना. रंग जुळतो का?"

"यंत्र लावून बघतात. जुळतो."

"यंत्र," मावशी म्हणाली. "गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवशीचा रंग यंत्राला ठाऊक. पुढं तिनं किती ऊन खाल्लं ते यंत्राच्या बापाला तरी ठाऊक आहे का? म्हाताऱ्या नवऱ्याशेजारी त्याचाच लग्नातला फोटो धरल्यासारखं दिसतं ते दार. म्हणून आम्ही शेजारच्या पत्र्यावरही रंग थोडा विरत नेतो. त्याला माल लागतो, हात लागतो."

ब्रेकमास्तरला हसू आलं, पण त्यानं ते गिळलं. "ते तुम्ही पहिल्यापासून नेता. मग दर आत्ताच का चढला? माझ्या गाड्यांची दारं काय मोठी झाली? मावशी, तुमच्या नवऱ्याच्या हातचं काम बघून मी इथं आलो. पण मलाही पोट आहे. ही गाडी ठेवून जातो. शुक्रवारी न्यायला येईन, तेव्हा दर पूर्वीसारखा झाला असेल तर पुढच्या गाड्या इथंच. नाहीतर सगळ्या तिकडं. वाईट मानू नका."

"शुक्रवारी दर खाली आलेला असेल," मावशी म्हणाली. "मी सांगतेय ना."

तो गेला. लेक शेडच्या आत दाराची पुट्टी घासत होता. त्यानं सगळं ऐकलं होतं, पण मान वर केली नाही. सून खिडक्यांच्या काचांवर कागद चिकटवत होती. तिचा हात तेवढा थांबला आणि परत चालू झाला. मावशीनं ते टिपलं.

शब्द दिला खरा, पण तो पाळायचा कसा, हे मावशीला ठाऊक नव्हतं. कामं पूर्वीएवढीच होती. शेडला भाडं नव्हतं, नोकर नव्हता. लेकाला दारूचा वास सहन व्हायचा नाही आणि सून नवा कंगवा घ्यायचा तरी दहादा विचार करणारी. मग पैसा जात होता कुठं? मालात. माल संपायचा. पांढऱ्याचा डबा आणला की बघता बघता तळ दिसायचा. थिनर तर पाण्यासारखं जायचं. आणि चिंध्या. शिंप्याकडून पोतं भरून आणलेल्या चिंध्या आठवडाभरात गायब व्हायच्या. आता रंगवायला चिंध्या कशाला लागतात? हात पुसायला. या दोघांना हात तरी किती होते?

मावशी शाळेत अक्षरं गिरवण्यापुरतीच गेलेली, पण घर चालवलेली बाई होती. एका घरात माल दुप्पट लागतो म्हणजे तिथं दोन चुली पेटतात, एवढं तिला कळत होतं. नवराबायको तिच्या पाठीमागे बाहेरची कामं घेत होते. आपल्याच डब्यातला रंग, आपलंच थिनर, आणि पैसे परस्पर त्यांच्या खिशात. वेगळं निघायची तयारी चालली होती. हे मनात आल्यावर तिला जेवण गेलं नाही. लेकावर तिचा राग नव्हता. लेक म्हणजे ओल्या पुट्टीसारखा, दाबाल तसा दबणारा. दाबणारा अंगठा कुणाचा, हा प्रश्न होता.

रात्री भांडी आवरताना तिनं सुनेला विचारलं, "चिंध्यांची पेज करून पिता का गं तुम्ही?"

"काय झालं, आई?"

"काही नाही. पोतं रिकामं दिसलं, म्हणून विचारलं."

"काम जास्त होतं," सून म्हणाली आणि जरुरीपेक्षा जास्त वेळ एकच पातेलं घासत राहिली.

त्या शेडमध्ये एक रीत होती आणि ती मावशीच्या नवऱ्यानं घालून दिली होती. रंग तो कालवायचा, पण होकार मावशीचा. छोट्या पत्र्यावर रंगाचा नमुना मारून तो तिच्यापुढं धरायचा. ती उन्हात बघायची, सावलीत बघायची, पत्रा तिरका करून बघायची. मग म्हणायची, "मेलाय जरा," किंवा "हा फार बोलतोय, गप्प कर." नवरा काळ्याचा थेंब टाकायचा, पिवळ्याचा टाकायचा, आणि दार गाडीला बसलं की कुठलं दार नवं ते गाडीच्या मालकालाही सांगता यायचं नाही. होकार दिल्यावर रंग गाळून फवारायच्या बंदुकीच्या भांड्यात ओतायचा तोही मावशीनंच. मधे दुसऱ्या कुणाचा हात नाही. पहिला हात मारून होईपर्यंत ती स्टुलावरून हलायची नाही. नवरा गेल्यावर लेकानं बंदूक घेतली. रीत तीच राहिली.

बुधवारी दाराला रंग मारायचा होता. लेकानं नमुन्याचा पत्रा आणून तिच्यापुढं धरला.

"पिवळा आहे," मावशी म्हणाली.

"गाडीला लावून बघ ना, आई."

"ब्रेकमास्तरचा पांढरा मला झोपेतून उठवून विचार. गाडीला काय लावून बघायचंय? पिवळा आहे म्हणतेय ना. निळ्याचा थेंब टाक."

लेकानं थेंब टाकला. नवा पत्रा आणला. अजून पिवळा होता. आणखी एक थेंब. अजून थोडा. सून बाजूला उभी होती. तिनं नवऱ्याकडे बघितलं आणि नवऱ्यानं जमिनीकडे. शेवटी मावशीच्या मनातला पांढरा आला, स्वच्छ, ताज्या चुन्यासारखा. तिनं रंग गाळला, भांड्यात ओतला आणि पहिला हात पूर्ण होईपर्यंत बसून राहिली. दार ओलं, चकचकीत दिसत होतं. कशात काही कमी नव्हतं.

"मी घरी जाते. पाठ दुखतेय," ती म्हणाली.

घर मागच्याच गल्लीत होतं. रोज दुपारी ती जेवून पडायची आणि ऊन उतरलं की परत यायची. आज ती दारापर्यंत गेली, कुलूप हातात घेतलं आणि उघडलं नाही. थोडा वेळ पायरीवर बसली. या वयात आपल्याच पोरावर पाळत ठेवायची पाळी आली म्हणून तिला स्वतःची लाज वाटली, आणि ती लाजही तिनं सुनेच्या खात्यावर टाकली. मग उठली आणि शेडच्या मागच्या बाजूनं, भंगार ठेवतात तिथून आत शिरली.

आत परकी गाडी नव्हती. ब्रेकमास्तरचीच गाडी होती, एकटी.

लेक गुडघ्यावर बसून दार पुसत होता. थिनरमध्ये भिजवलेली चिंधी लांब ओढायचा, रंगानं भरली की टाकायचा, सून दुसरी भिजवून द्यायची. मावशीनं मघाशी स्वतःच्या हातानं गाळलेला रंग दुधावरच्या सायीसारखा गोळा होऊन निघत होता. बाजूला दुसरं भांडं कालवून झाकून ठेवलेलं होतं. सुनेनं नमुन्याचा पत्रा गाडीला टेकवला, मान तिरकी केली आणि म्हणाली, "हा बरोबर आहे. घ्या मारून, आई उठायच्या आत."

लेकाला खोकला आला. तो बाजूला जाऊन भिंतीला हात टेकून खोकला, पुन्हा येऊन बसला आणि पुसायला लागला.

"काय चाललंय?" मावशी म्हणाली.

लेकाच्या हातातली चिंधी खाली पडली. "काही नाही गं. रंगावर माशी बसली होती."

"माशी होती की म्हैस? अख्खं दार पुसलंस."

"धूळसुद्धा बसली होती."

"तुला लहानपणापासून खोटं बोलता येत नाही. आता नको शिकू, चांगलं दिसत नाही." ती सुनेकडे वळली. "तू बोल."

सून नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. तो नको म्हणून मान हलवत होता. पण आदल्या रात्रीची ती चिंध्यांची पेज तिच्या घशात अडकली असावी. ती म्हणाली, "आई, तुम्ही सांगता तो रंग निळा असतो."

"काय असतो?"

"निळा. पांढऱ्यात निळी झाक. गाडीला लावला की लांबून कळतं. आधी थोडा असायचा, मग वाढत गेला. एकदा गिऱ्हाईक परत आलं होतं, तुम्ही घरी होता. तेव्हापासून हे असंच करतो आम्ही. तुम्ही गेलात की ओला आहे तोवर पुसून काढतो आणि पुन्हा मारतो."

"दर वेळी?"

"पांढऱ्याला दर वेळी. बाकीच्या रंगांना कधीकधी."

मावशीनं हात पुढं केला. मग म्हणाली, "दोन्ही पत्रे आण."

सुनेनं तिचा पत्रा आणला आणि आपला आणला. मावशीनं ते उन्हात नेले. शेजारीशेजारी धरले, तिरके केले, सावलीत आणले, परत उन्हात नेले. ती वाट बघत होती की आता एक दुसऱ्यापासून वेगळा होईल. दोन्ही एकच होते. तिला ते इतके एकसारखे दिसले की पोरं आपली थट्टा करताहेत असं क्षणभर वाटलं. मग तिनं लेकाचं तोंड बघितलं, आणि थट्टा नव्हती हे कळलं.

"माझा कुठला?" तिनं विचारलं.

"डाव्या हातातला," लेक हळूच म्हणाला.

तिनं डाव्या हाताकडे पुन्हा बघितलं. काही उपयोग झाला नाही.

"मग चष्म्याला नेलं होतंत तेव्हा त्या डॉक्टरनं काय दिवे लावले?"

"त्यांनी मला बाहेर बोलावून सांगितलं," लेक म्हणाला. "वरचा पडदा काढता येईल म्हणाले. पण मागची बाजूच झिजलीय, त्यामुळं रंगाचा फरक काही परत यायचा नाही. उगाच चिरफाड कशाला करायची, म्हणाले. इलाज असता तर सांगितलं असतं गं तुला. इलाज नव्हता, मग सांगून करायचं काय?"

"आणि तू हे थिनर दोन-दोनदा छातीत ओढत बसलास."

"सवय आहे."

"गाढवा," मावशी म्हणाली. तो शब्द तिला हवा होता तेवढा मोठा निघाला नाही.

पुढं ती स्टुलावर जाऊन बसली. लेकानं पुसायचं राहिलेलं पुसलं, बंदूक भरली आणि दुसऱ्यांदा दार रंगवलं. या वेळी रंग सुनेनं गाळला. मावशी बघत होती. सुनेनं एक थेंब बाहेर सांडू दिला नाही. मनातल्या मनात चोरीचा आळ घेतल्याबद्दल काहीतरी बोलायला हवं होतं. ते मावशीला जमलं नाही. ती एवढंच म्हणाली, "जाळी उलटी धरलीयस," आणि जाळी सरळच होती.

गुरुवारी तिनं ठरवून टाकलं. दोनदाचा खर्च गेला, म्हणजे दर आपोआप खाली आला. माल निम्मा, चिंध्या जवळजवळ नाहीत. रंगाचा होकार यापुढं सुनेचा. ब्रेकमास्तरला पूर्वीचा दर सांगायचा आणि त्याच्या गाड्या राखायच्या. ती एवढ्या शांतपणे बोलत होती की लेक घाबरला.

"आई, त्याला फक्त दर सांग. का कमी झाला ते सांगू नको."

"मला काय हौस आहे का, आपली लक्तरं बाहेर वाळत घालायची?"

शुक्रवारी ब्रेकमास्तर आला. त्यानं दार बघितलं, लांबून बघितलं, वाकून बघितलं. सून ओठ दाबून उभी होती. "छान झालंय," तो म्हणाला. "एकच गाडी वाटते." मग मावशीनं दर सांगितला. त्याच्या चेहऱ्यावरचा सगळा ताण उतरला, आणि तिथंच तो थांबला असता तर बरं झालं असतं. पण माणसाला स्वस्त मिळालं की संशय येतो.

"मावशी, एक विचारू? तीन दिवसांत एवढा उतरला कसा? म्हणजे आधी तुमचा लेक मला कापत होता का?" तो हसतच म्हणाला. अर्धी थट्टा होती. अर्धी नव्हती.

लेक मान खाली घालून बंदुकीचं टोक पुसत होता. तो काही बोलणार नव्हता. आपल्यावर आलेला आळ तो गपचूप गिळणार होता, इतके दिवस आईची चूक चिंध्यांनी पुसत आला तसाच. मावशीनं त्याच्या पाठीकडे बघितलं. पाठ त्याच्या बापाच्याच वळणाची होती.

"माझ्या पोरानं आयुष्यात कुणाला कापलं नाही," ती म्हणाली.

"आई," सून म्हणाली.

"तू थांब. मास्तर, माझे डोळे गेले. दिसतं सगळं, रंग कळत नाही. मी चुकीचा रंग द्यायची, तो मला न दुखवता पुसायचा आणि दुसरा मारायचा. म्हणून माल दुप्पट जायचा, म्हणून दर चढला. आता होकार सुनेचा, म्हणून दर उतरला. यात कापाकापी कुठंही नाही."

ब्रेकमास्तरचं हसू हळूहळू गेलं. तो दाराकडे बघू लागला. मग म्हणाला, "म्हणजे माझ्या प्रत्येक दाराचे मी दोनदा पैसे दिले."

"अहो, सगळा भार तुमच्यावर नाही टाकला. निम्म्याहून जास्त आम्हीच सोसला," लेक पहिल्यांदाच बोलला.

"पण टाकलात. कितीही असो, मला न सांगता टाकलात." त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मावशीला सोपं गेलं असतं; भांडणात ती कुणाला हार जाणारी नव्हती. "मावशी, तुमच्या डोळ्यांचं मला वाईट वाटतं. खरंच वाटतं. पण उद्या आणखी काही बिघडलं, तर तेही माझ्याच बिलात घालून तुम्ही एकमेकांना सांभाळणार. आणि मला कळणारसुद्धा नाही."

मावशीनं आयुष्यभर लोकांना निरुत्तर केलं होतं. आज समोरच्याचं खरं होतं.

त्यानं या दाराचे पैसे दिले, पूर्वीच्या दरानं नाही, चढ्याच दरानं. लेकानं जादाचे परत करायला हात पुढं केला तर म्हणाला, "राहू द्या." ते पैसे परत न घेणंच मावशीला सर्वांत लागलं. गाडी शेडबाहेर निघाली, वळली आणि गेली. पुढच्या आठवड्यात त्याच्या दोन पांढऱ्या गाड्या चेपलेल्या अवस्थेत शेडवरून गेल्या. काचेच्या भिंतीचं वर्कशॉप त्याच रस्त्याला होतं.

लेकानं आईला काहीच ऐकवलं नाही. ती वाट बघत होती. एकदा जेवताना म्हणालीसुद्धा, "एकदाचा बोलून मोकळा हो."

"काय बोलू? माझीच बाजू घेतलीस ना," तो म्हणाला आणि खोकला. तेवढं म्हणून तो जेवत राहिला. शिव्या दिल्या असत्या तर तिच्या घशाखाली घास उतरला असता.

महिना संपायच्या आत तो काचेच्या भिंतीमागे कामाला लागला. तिथं त्याच्या हाती बंदूक देत नाहीत. यंत्रावरचं प्रशिक्षण नाही म्हणतात. तो पॉलिश करतो आणि गाड्या धुतो. ब्रेकमास्तरच्यासुद्धा.

शेड सून चालवते. म्हणजे सकाळी उघडते आणि संध्याकाळी लावते. मावशी स्टुलावर बसते, कारण घरी बसून तरी काय करायचं? मधे एक गिऱ्हाईक आलं होतं. नवीनच माणूस, हिरवट रंगाची गाडी, पुढचा पत्रा घासलेला. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की रंग जुळवावा तर त्या म्हातारीनंच.

"खर्च किती येईल?" त्यानं विचारलं. सुनेनं सांगितला. वाजवी सांगितला, आणखी खाली यायचीही तयारी दाखवली.

माणसानं तिच्याकडे पाहिलं नाही. मावशीकडे वळून म्हणाला, "पण रंग जुळेल ना, मावशी? तुमच्या भरवशावर आलोय."

मावशीनं गाडीकडे बघितलं. तिला ती राखाडी दिसत होती. एक होकार दिला असता तर गाडी आत आली असती, आणि सुनेनं रंग जुळवलाही असता. फक्त 'जुळेल' एवढंच म्हणायचं होतं. तिनं तोंड उघडलं. पण होकाराच्या आधी बघावं लागतं, हे तिला एवढं मुरलेलं होतं की न बघता तो शब्द बाहेर येईना.

"हिला विचारा," ती म्हणाली. "आता हीच बघते."

माणसानं सुनेकडे पाहिलं, तिच्या हातातल्या कागदाच्या गुंडाळीकडे पाहिलं, रिकाम्या शेडकडे पाहिलं. "बरं," तो म्हणाला. "येतो फिरून."

त्याची गाडी रस्त्याला लागेपर्यंत दोघी बघत होत्या.

"येईल," सून म्हणाली.

"नाही येणार," मावशी म्हणाली. "फिरून येतो म्हणालेला अजून कुणी आलेला नाही. पुढचं दार ओढून घे. धूळ येतेय."